कर्णनाद कानाआड करण्यासाठी ध्वनीचा वापर कसा करावा

थंडी पडू लागली आणि रात्री छताचा पंखा बंद झाला, की कानातला आवाज एकाएकी वाढला अशी तक्रार कर्णनादाचा त्रास असलेली अनेक माणसे करतात. बहुतेक वेळा आवाज वाढलेला नसतो. इतके महिने त्याला झाकून ठेवणारी पंख्याची घरघर तेवढी थांबलेली असते. म्हणजे उन्हाळाभर आणि पावसाळाभर ही माणसे नकळत ध्वनिचिकित्साच घेत होती. हीच गोष्ट जाणूनबुजून, योग्य आवाज निवडून, योग्य पातळीवर आणि पुरेसा काळ कशी करावी, हे येथे सांगायचे आहे. तपासणीनंतर ‘यावर औषध नाही, सवय करून घ्या’ एवढे सांगून ज्यांना घरी पाठवले गेले, त्यांच्यासाठी हे विशेषकरून लिहिले आहे. माझ्या दोन्ही कानांत अनेक वर्षे रातकिडे आहेत आणि मलाही पहिल्या भेटीत हेच ऐकावे लागले. सल्ला चुकीचा नव्हता, पण अर्धाच होता. सवय कशी करून घ्यायची, हे सांगायचे राहून गेले होते.

बाहेर कोणताही स्रोत नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे म्हणजे कर्णनाद. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात. कोणाला बारीक शिट्टी ऐकू येते, कोणाला कुकरची वाफ सुटल्यासारखा फुसफुसाट, तर कोणाला शंख कानाला लावल्यासारखी घूं घूं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सांगितलेल्या कर्णरोगांमध्येही कानातल्या नादाचे वर्णन आहे, तेव्हा हे दुखणे इअरफोनच्या पिढीने आणलेले नव्हे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक विश्लेषणानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना कर्णनादाचा अनुभव असतो आणि सुमारे २ टक्के प्रौढांमध्ये तो तीव्र स्वरूपाचा असतो. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकलेला कर्णनाद साधारणपणे दीर्घकालीन समजला जातो. काही तज्ज्ञ ही मर्यादा तीन महिन्यांची धरतात.

त्याच्या कारणाचे आज सर्वाधिक मानले जाणारे स्पष्टीकरण असे, की वयामुळे, गोंगाटामुळे किंवा आजारामुळे आतल्या कानातील संवेदनशील पेशींना इजा झाली म्हणजे मेंदूकडे जाणारे संकेत कमी होतात, आणि ती तूट भरून काढण्यासाठी मेंदूतील श्रवणयंत्रणा आपली संवेदनक्षमता वाढवते. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसले की आपण आवाज वाढवतो आणि मग खरखरही वाढते, तसेच काहीसे हे आहे. शांततेत हा नाद का उठून दिसतो, हे १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी केलेल्या प्रयोगातून चांगले कळते. त्यांनी ८० निरोगी माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवून ऐकू येणारे आवाज नोंदवायला सांगितले, तेव्हा त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. खोलीत अर्थातच कोणताही आवाज नव्हता. कर्णनाद असलेल्या माणसाने पूर्ण शांतता टाळावी, हा ध्वनिचिकित्सेचा पहिला नियम येथूनच येतो.

सुरुवात करण्यापूर्वीची तपासणी

घरी काही करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घ्यावा आणि ऑडिओलॉजिस्टकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. कधी कधी सगळा प्रकार कानात घट्ट बसलेल्या मळाचा निघतो आणि तो काढला की आवाज थांबतो. काही औषधांमुळेही कर्णनाद होऊ शकतो, उदाहरणार्थ मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन, क्विनीन, जेंटामायसिन किंवा सिस्प्लॅटिन; म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी बरोबर न्यावी, मात्र कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये.

काही लक्षणांत ध्वनिचिकित्सेच्या नादी लागून वेळ घालवणे धोक्याचे असते. एका कानाचे ऐकणे एकाएकी, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत कमी झाले, तर ती तातडीची बाब समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण अशा वेळी स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितका लाभ होण्याची शक्यता अधिक. आवाज एकाच कानात असणे, तो नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणे, सोबत चक्कर येणे, चेहऱ्याची एक बाजू कमकुवत होणे, डोक्याला मार लागल्यानंतर तो सुरू होणे, यांपैकी काहीही असेल तरी आधी पूर्ण तपासणी व्हायला हवी. आवाजामुळे जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर तीही तेवढीच तातडीची अवस्था आहे; घरातल्या माणसाला आणि डॉक्टरांना लगेच सांगावे. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते.

श्रवणचाचणीत ऐकणे कमी झाल्याचे आढळले, तर पहिली ध्वनिचिकित्सा म्हणजे श्रवणयंत्र, मग मोबाइलवरचे आवाज वगैरे. यंत्रामुळे भोवतालचे बारीकसारीक आवाज पुन्हा मेंदूपर्यंत पोहोचू लागतात, संभाषण ऐकण्यासाठी पडणारा ताण कमी होतो आणि कर्णनाद आपोआप मागे सरतो. आपल्याकडे चष्मा लावायला कोणी लाजत नाही. श्रवणयंत्र मात्र ‘अजून तेवढे वय झाले नाही’ म्हणून वर्षानुवर्षे टाळले जाते. खासगी केंद्रातील चाचणी परवडत नसेल, तर मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ती करता येते.

झाकायचे की मिसळायचे

एका आवाजाने दुसरा आवाज हटवण्याची कल्पना जुनी आहे. १८२१ साली फ्रेंच वैद्य इटार यांनी कानात गर्जना होणाऱ्यांना धगधगत्या शेकोटीजवळ बसण्याचा, तर सूं सूं आवाज येणाऱ्यांना ओलसर लाकडाच्या विस्तवाजवळ बसण्याचा सल्ला दिला होता. ओले लाकूड चुलीत घातल्यावर कसे फुसफुसते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यामागचा विचार लगेच समजेल. १९७० च्या दशकात अमेरिकेत ओरेगन राज्यात जॅक व्हर्नन यांनी कानात घालायची, कर्णनाद पूर्ण झाकून टाकणारी यंत्रे प्रचारात आणली. झाकल्याने तात्पुरता आराम नक्की मिळतो. अडचण पुढे येते, कारण जो आवाज मेंदूला ऐकूच येत नाही त्याची सवय मेंदूला कशी होणार? यंत्र काढले की कर्णनाद होता तेथेच असतो.

पॉवेल जास्त्रेबॉफ यांनी १९९० साली मांडलेल्या प्रतिमानाने विचाराची दिशा बदलली. कर्णनादाचा त्रास केवळ त्याच्या मोठेपणावर अवलंबून नसून, मेंदूने त्याला धोक्याची घंटा समजण्यावर अवलंबून असतो, असे त्यांचे म्हणणे होते. रेल्वेच्या रुळांलगत राहणाऱ्या माणसाला रात्री गेलेली मालगाडी ऐकूच येत नाही, पण पाहुणा मात्र दचकून उठतो. कान दोघांचे सारखेच असतात. एकाच्या मेंदूने गाडी बिनमहत्त्वाची ठरवलेली असते. मराठीत याला फार नेमका शब्द आहे: कानाआड करणे. त्यासाठी बाहेरचा आवाज कर्णनादापेक्षा किंचित खाली ठेवायचा, म्हणजे दोन्ही एकत्र ऐकू येतात, त्यांच्यातील फरक पुसट होतो आणि शांततेच्या काळ्या पाटीवर उठून दिसणारी रेघ करड्या पाटीवर फिकी पडते.

आवाज कोणता निवडावा

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेने, जेथे गोळीबार आणि स्फोटांमुळे कर्णनाद झालेले रुग्ण फार मोठ्या संख्येने येतात, कामाच्या दृष्टीने आवाजांचे तीन प्रकार केले आहेत आणि मला ही विभागणी फार उपयोगी वाटते. मन शांत करणारा आवाज ताण वाढलेला असताना लावायचा. पार्श्वभूमीचा आवाज दिवसभर मागे चालू ठेवायचा. त्याच्याकडे लक्ष जाऊ नये हेच त्याचे काम. लक्ष वेधून घेणारा आवाज, म्हणजे श्राव्य कथा, क्रिकेटचे समालोचन किंवा आवडते व्याख्यान, कर्णनादावरून मन हटत नसेल त्या वेळी ऐकायचा. अनेकांची गफलत येथेच होते. झोपताना ते रंगतदार कथा लावतात, मग झोप उडते आणि ध्वनिचिकित्सा लागू पडत नाही असा निष्कर्ष काढतात.

पार्श्वभूमीसाठी ज्यात उंच-खोल सर्व कंपनसंख्या मिसळलेल्या आहेत असा एकसंध आवाज उत्तम. जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण संपल्यावर पडद्यावर मुंग्या यायच्या आणि सोबत जी खरखर यायची, ती साधारणपणे व्हाइट नॉइजच्या जातीची. त्यात वरच्या पट्टीचा भाग कानाला बोचेल इतका असतो. पिंक नॉइजमध्ये तो भाग उतरता असल्यामुळे ती संथ पावसासारखी वाटते, आणि ब्राउन नॉइज आणखी खर्जातली, दूरच्या धबधब्यासारखी असते. (यातला ब्राउन म्हणजे तपकिरी रंग नव्हे; सूक्ष्म कणांच्या अस्थिर हालचालीशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाचे ते नाव आहे.) कोणता प्रकार श्रेष्ठ, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. प्रत्येक प्रकार तीन-चार दिवस वापरून पाहावा आणि जो लवकर विसरला जातो तो ठेवावा.

पत्र्यावरचा किंवा कौलांवरचा पाऊस, समुद्राची गाज, टेबल फॅन, कूलर हे सगळे चालते. समुद्राच्या बाबतीत एक अडचण अशी, की दोन लाटांच्या मधल्या शांततेत कर्णनाद डोके वर काढतो. म्हणून लाटा जवळजवळ येणारे ध्वनिमुद्रण घ्यावे. तानपुऱ्याविषयी पुष्कळजण विचारतात. त्याचा झंकार स्वरांनी भरलेला आणि मनाला स्थिर करणारा असतो, तेव्हा शांत करणारा आवाज म्हणून तो सुंदर आहे. परंतु संगीताचा कान असलेली माणसे लगेच आपल्या कर्णनादाची पट्टी त्या षड्जाशी ताडून पाहू लागतात आणि लक्ष पुन्हा नको तेथे जाते. असे होत असेल तर दिवसभराच्या पार्श्वभूमीसाठी तानपुरा बाजूला ठेवावा.

मोबाइलवर आवाज लावताना दोन गोष्टी पाहाव्यात. छोट्या तुकड्याची पुनरावृत्ती करणाऱ्या ध्वनिफितीत जोड ऐकू येतो, आणि एकदा तो ऐकू आला की मेंदू दर वेळी त्याचीच वाट पाहत बसतो. म्हणून लांबलचक किंवा अखंड ध्वनिफीत घ्यावी. तसेच मोफत व्हिडिओवर रात्री दोन वाजता मध्येच जाहिरात किंचाळली, तर आठवड्याची मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. ध्वनिफीत फोनमध्ये उतरवून घेऊन फोन फ्लाइट मोडवर ठेवणे सर्वांत सुरक्षित. आयफोनमध्ये २०२१ सालापासून पार्श्वभूमीच्या आवाजांची सोय मुळातच दिलेली आहे.

पातळी कशी लावावी

या सगळ्या पद्धतीत सर्वाधिक चुका पातळी लावताना होतात, म्हणून ती कृती सावकाश सांगतो. रात्री जेवणे आटोपून घर शांत झाल्यावर खोलीचे दार लावून पंखा बंद करावा. फोन किंवा लहान स्पीकर उशीजवळ न ठेवता दोन हातांवर, टेबलावर ठेवावा. निवडलेला आवाज शून्यावर आणून एक मिनिट नुसते बसावे, म्हणजे कर्णनाद स्पष्ट ऐकू येईल. आता आवाज एकेक घर वाढवत जावे आणि प्रत्येक घरावर दहा-पंधरा सेकंद थांबावे. पहिल्या एक-दोन घरांवर पाऊस जेमतेम ऐकू येईल आणि शिट्टी त्याच्यावर तरंगत राहील. आणखी दोन-तीन घरांनंतर दोन्ही एकमेकांत शिरू लागतील. शिट्टी असेल, पण तिच्या कडा मऊ झालेल्या असतील. हा मिसळण्याचा बिंदू. त्याच्याही पुढे गेल्यास एका घरावर शिट्टी नाहीशी होईल, आणि तेथे प्रत्येकाला थांबावेसे वाटते. मोह आवरावा आणि मिसळण्याच्या बिंदूच्या एक घर खाली यावे. पाऊस आणि शिट्टी दोन्ही ऐकू येत आहेत, पाऊस त्रासदायक वाटत नाही आणि कोणी हलक्या आवाजात बोलले तर शब्द कळतो आहे, तर पातळी बरोबर आहे.

मी पहिल्या महिन्यात शिट्टी पूर्ण बुडवत राहिलो. त्याचा परिणाम असा झाला, की आवाज दर काही दिवसांनी आणखी वाढवावा लागे आणि सकाळी तो बंद केल्याबरोबर कानातला नाद दुप्पट वाटे. झाकण्याचा उपयोग कधीच करू नये असे नाही. एखाद्या अगदी असह्य संध्याकाळी तासभर आराम मिळवण्यासाठी तो करावा, मात्र रोजची पद्धत म्हणून नको.

एकदा पातळी लावली की दिवसभर तिला हात लावू नये. कर्णनाद कमी-जास्त होतच असतो. प्रत्येक चढउताराबरोबर बटण फिरवत बसणे म्हणजे दर पाच मिनिटांनी त्याची विचारपूस करण्यासारखे आहे.

शक्यतो स्पीकर वापरावा. इअरफोनने कान बंद होतो, बाहेरचे आवाज अडतात आणि पातळी नकळत वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलची पातळी आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानली आहे. ध्वनिचिकित्सेचा आवाज साध्या संभाषणाहूनही खालचा असल्याने त्या मर्यादेच्या जवळपासही जाण्याचे कारण नाही. शेजारी झोपणाऱ्या माणसाला पावसाचा कंटाळा येत असेल, तर उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर मिळतो. लग्न टिकवण्याच्या दृष्टीने त्याची किंमत फार नाही.

दिवसभराची आखणी

जास्त्रेबॉफ यांच्या प्रतिमानावर आधारलेल्या पुनर्प्रशिक्षण पद्धतीत, म्हणजे कर्णनादाकडे दुर्लक्ष करायला मेंदूला शिकवणाऱ्या पद्धतीत, ध्वनी दिवसाला सहा ते आठ तास चालू ठेवण्यास सांगतात आणि परिणामासाठी एक ते दीड वर्षाचा, कधी त्याहूनही अधिक काळ धरतात. हे वाचून घाबरू नये, कारण इतके तास शांत बसून काही ऐकायचे नसते. सकाळी स्वयंपाकघरात रेडिओ, कामाच्या ठिकाणी टेबलावर हलका आवाज, दुपारी उघडी खिडकी, संध्याकाळी वाचताना पाऊस आणि रात्री झोपताना तोच पाऊस, असा हिशेब सहज जुळतो. रात्री तासाभराने बंद होणारा टायमर लावण्यापेक्षा आवाज रात्रभर मंद चालू ठेवणे मला अधिक पटते, कारण पहाटे तीनला जाग आल्यावर पूर्ण शांततेत कर्णनाद समोर उभा राहिला की पुन्हा झोप लागणे कठीण होते.

मोठ्या आवाजापासून मात्र कान सांभाळावेत. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाशेजारी किंवा डीजेच्या भिंतीसमोर उभे राहायचे असेल, तर कानात बोळे घालावेत आणि अधूनमधून लांब जावे. याच्या उलट चूकही तितकीच वाईट आहे: बाजारात, बसमध्ये, घरातल्या मिक्सरलासुद्धा घाबरून सतत बोळे घालून वावरल्यास कान अधिक हळवे होतात आणि साधे आवाजही सोसेनासे होतात. ज्यांना भांड्यांचा आवाजही आताच असह्य होतो, त्यांनी ध्वनिचिकित्सा ऑडिओलॉजिस्टच्या देखरेखीखाली आणि फारच हळू सुरू करावी.

प्रगती कशी मोजावी

‘आज आवाज किती मोठा आहे?’ हा प्रश्न रोज स्वतःला विचारू नये, कारण उत्तर शोधण्यासाठी तो आवाज ऐकावाच लागतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी, वहीत तीन ओळी लिहाव्यात: झोप लागायला साधारण किती वेळ लागला, कर्णनादामुळे कोणते काम अडले किंवा टाळले, आणि सलग किती वेळ त्याची आठवण झाली नाही. तज्ज्ञांकडे २५ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. तिच्यात ० ते १०० गुण मिळतात आणि गुण जितके जास्त तितका त्रास अधिक. ती सुरुवातीला आणि नंतर दर तीन महिन्यांनी भरली तर पुरे.

येथे पुराव्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २०१८ सालच्या आढाव्यात, श्रवणयंत्र किंवा ध्वनियंत्र हे उपाय कोणताही उपचार न घेण्यापेक्षा सरस असल्याचे सिद्ध करणारा पुरावा मिळाला नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेच्या सैन्यदलांशी संबंधित १५१ जणांवरील चाचणीत पुनर्प्रशिक्षण पद्धत आणि नेहमीची चांगली उपचारपद्धत यांच्या परिणामांत अर्थपूर्ण फरक दिसला नाही. सुधारणा मात्र सर्वच गटांत झाली. कर्णनादामुळे होणारा मनस्ताप कमी करण्यासाठी आज सर्वांत भक्कम आधार आहे तो बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीला, म्हणजे प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने त्या आवाजाविषयीचे विचार आणि प्रतिक्रिया बदलण्याला. माझे मत असे, की ध्वनी हा टेकू आहे. तो स्वस्त आहे, नीट वापरल्यास निरुपद्रवी आहे आणि झोपेला मदत करतो, म्हणून तो जरूर वापरावा. पण दोन-तीन महिन्यांनंतरही चिंता किंवा निद्रानाश तसाच असेल, तर केवळ आवाज बदलत बसू नये. गिंको, मेलाटोनिन, झिंक या पूरक गोळ्यांची शिफारस अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत कर्णनादासाठी करू नये असे म्हटले आहे. पडदा शाबूत आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय कानात कोमट तेल घालण्याचा घरगुती प्रयोगही करू नये.

सर्दी, जागरण, ताण किंवा एखाद्या गोंगाटाच्या समारंभानंतर कर्णनाद काही दिवस उसळतो. अशा वेळी सगळे मुसळ केरात गेले असे समजून पद्धत सोडून देऊ नये. नेहमीचा आवाज एक घर वाढवावा, रात्री झोपेची वेळ सांभाळावी, आणि उसळी ओसरल्यावर आवाज आठवणीने पुन्हा जुन्या घरावर आणावा. ती आठवडाभराहून जास्त टिकली किंवा ऐकण्यात फरक जाणवला, तर श्रवणचाचणी पुन्हा करून घ्यावी.

वहीतल्या नोंदी सलग काही आठवडे कोऱ्या राहू लागल्या, किंवा नोंद करायचीच राहून गेली असे वारंवार घडू लागले, की आवाज कमी करायला हरकत नाही. आधी दिवसाचा काढावा, तोही एकेका प्रसंगातून. रात्रीचा सर्वांत शेवटी. काहीजण रात्रीचा आवाज कायमच ठेवतात आणि त्यात गैर काही नाही. फक्त थंडीच्या दिवसांत अंगावर वारा नको म्हणून टेबल फॅनचे तोंड भिंतीकडे करून ठेवावे.